किलोवर गेलेलं दुकान

ज्यांच्या हाताखाली मी मोटर भरायला, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटरीत तांब्याच्या तारेचं नवं वाइंडिंग घालायला शिकलो, त्या वस्तादांनी दुकान बंद करायचं ठरवलं, तेव्हा ते विकत घ्यायला मीच गेलो होतो. हात थरथरायला लागले होते त्यांचे. बारीक गेजची तार स्लॉटमध्ये, म्हणजे मोटरच्या खाचेत बसवताना वॉर्निशचा थर खरवडला जायचा आणि भरलेली मोटर मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) नापास व्हायची. ज्या माणसाने मला पहिल्यांदा स्टेटर, मोटरचा न फिरणारा भाग, उघडून दाखवला, त्याच्यावर ही वेळ.

आम्ही दोघांनी बसून यादी केली. वाइंडिंग मशीन एक. ओव्हन एक, दाराची बिजागरी सैल. बेअरिंग पुलर, क्लॅम्प मीटर, मेगर. लाकडी फर्मे, म्हणजे कॉइल गुंडाळायचे साचे, एक पोतंभर. जळालेल्या मोटरींमधून काढलेलं तांबं. प्रत्येक वस्तूपुढे मी आकडा लिहीत गेलो. यादी संपली तेव्हा मी विचारलं, "आणि मोटरींच्या नोंदी? कुठल्या मोटरला किती वेढे, कुठली पिच, कुठलं कनेक्शन?" (पिच म्हणजे कॉइल कुठल्या स्लॉटपासून कुठल्या स्लॉटपर्यंत जाते ते.)

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला ठाऊक नाही होय?" म्हणाले.

ठाऊक होतं. नोंदी नव्हत्याच. होतं ते सगळं त्यांच्या डोक्यात, आणि ते डोकं संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी जायचं. गिऱ्हाईकही त्यांचं होतं, दुकानाचं नव्हतं. वस्ताद नाहीत म्हटल्यावर ते माझ्याकडेच येईल याची काय खात्री? तेव्हा नावलौकिकापोटी मी काही दिलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. पस्तीस वर्षांच्या दुकानात शेवटी सगळ्यात जास्त पैसे कशाचे आले असतील, तर भंगार तांब्याचे. ते आम्ही काट्यावर वजन करून घेतलं.

व्यवहार चोख झाला, असं मला वाटलं होतं. टेंपोत सामान भरून आणलं, माझ्या दुकानात लावलं आणि रात्री तो पोतंभर फर्म्यांचा ढीग बघत बसलो. यातला कुठला फर्मा कुठल्या मोटरचा, हे एकावरही लिहिलेलं नव्हतं. मग माझ्या फर्म्यांकडे नजर गेली. त्यांच्यावरही काही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा मी चौदा वर्षं "धंदा" करत होतो. पाटी होती, पावतीपुस्तक होतं, हाताखाली दोन मुलं होती. कुणी विचारलं तर छाती फुगवून सांगायचो की कुणाची नोकरी करत नाही. खरं तर करत होतो, फक्त मालक आणि नोकर एकच होता, आणि त्या मालकाने नोकराला चौदा वर्षांत धड एक सुट्टी दिली नव्हती.

आता मुलांबद्दल सांगतो, कारण खरी गोम तिथे होती.

त्याच सुमाराला एक मोटर आठ दिवसांत परत आली होती, वाइंडिंग काळं ठिक्कर. उघडली, वेढे मोजले. पाहिजे होते ४६, होते ४१. ज्या मुलाने कॉइल गुंडाळल्या होत्या त्याला मी गिऱ्हाइकासमोर फाडून खाल्लं. तो गप्प उभा. गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाला, "तुम्ही एक्केचाळीस म्हणालात."

मी म्हणालो होतो शेहेचाळीस. पण कसं म्हणालो होतो? दुकानाच्या या टोकाला बेअरिंग ठोकता ठोकता, मान वर न करता, बाजूला कॉम्प्रेसर चालू असताना. आपल्या मराठी आकड्यांची गंमत अशी की एक्केचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत सगळ्यांचं शेपूट तेच, फरक सगळा तोंडाशी. कॉम्प्रेसरच्या आवाजात तोंड बुडालं आणि शेपूट तेवढं त्याच्यापर्यंत पोहोचलं.

वेढे कमी पडले की मोटर चालत नाही असं नाही. ती फिरते, छान फिरते. पण गाभ्यातलं चुंबकत्व वाढतं, लोखंड संपृक्त होतं, म्हणजे त्यात आणखी मावत नाही, मोटर रिकामी, बोजा नसताना फिरतानाच करंट जास्त ओढते आणि आतून तापत राहते. इन्सुलेशनच्या बाबतीत आमच्या धंद्यात एक जुना ढोबळ नियम आहे, तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. बाहेरून हात लावून हे कळत नाही. म्हणून बाहेर पाठवण्याआधी रिकाम्या मोटरचा करंट बघायचा असतो. मुलाने बघितला नव्हता का? बघितला होता. आकडा किती आला म्हणजे बरोबर, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी स्वतः तर मीटरही लावत नसे कैकदा. आवाजावरून कळतं मला.

"आवाजावरून कळतं मला." हे वाक्य मी वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आलो. वस्तादही हेच म्हणायचे. त्यांचा कान किलोवर विकता आला नाही.

तर मग लिहायला बसलो, आणि पहिल्या आठवड्यातच थकलो. दिवसभर काम करून रात्री वहीत काय लिहिणार माणूस? "स्टेटर नीट साफ करावा." नीट म्हणजे काय? मला माहीत असलेली गोष्ट मला इतकी माहीत होती की ती सांगण्यासारखी आहे हेच कळत नव्हतं. शेवटी उलटं केलं. मी काम करायचं आणि मुलाने शेजारी बसून, मी काय करतोय ते त्याच्या शब्दांत लिहायचं. पुढच्या वेळी तशीच मोटर आली की त्याने तो कागद वाचत काम करायचं आणि मी हात पाठीमागे बांधून बसायचं. तो जिथे अडेल, तिथे कागदात भोक आहे. बोलून भोक बुजवायचं नाही, लिहून बुजवायचं.

हात पाठीमागे बांधून बसणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. अतिशयोक्ती करत नाही. मुलगा स्लॉटमध्ये इन्सुलेशन पेपर घालतोय, कड जराशी दुमडली आहे, मला दिसतंय, त्याला दिसत नाही, आणि मी गप्प. पाच सेकंदांत मी ते सरळ केलं असतं. त्या पाच सेकंदांनीच चौदा वर्षं खाल्ली होती.

पहिल्या मोटरला कागदात अकरा भोकं निघाली. दुसऱ्याला सहा. वर्ष संपता संपता आमच्याकडे एक जाडजूड रजिस्टर झालं. प्रत्येक मोटरचं एक पान: अश्वशक्ती, वेग, स्लॉट किती, वेढे किती, तारेचं गेज, पिच, जोडणी स्टार की डेल्टा, रिकाम्या चालीचा करंट. शेवटचा रकाना महत्त्वाचा. कान नसलेल्या माणसालाही आता मोटर पास-नापास करता येऊ लागली.

मध्ये माझा अहंकार आडवा आला होताच. मी काय नवशिका आहे का कागद बघून काम करायला? तेव्हा कुठेतरी विमानांच्या चेकलिस्टची हकिकत वाचली आणि ती डोक्यात बसली. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे बॉम्बर विमान चाचणीसाठी उडालं आणि वर जाताच कोसळलं. यंत्रात बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने त्याची नियंत्रणपृष्ठं हलू नयेत म्हणून एक कुलूप लावतात, ते काढायचं राहून गेलं होतं. आणि चालवणारे कोण? अनुभवी चाचणी वैमानिक. यावर उपाय म्हणून वैमानिकांना आणखी शिकवलं नाही. उड्डाणाआधी वाचायची यादी तयार केली. पुढे तेच विमान बी-१७ म्हणून गाजलं. मला त्यातलं एवढंच लागलं की यादी नवशिक्यांसाठी नसते. ज्याला सगळं येतं, त्याच्याच हातून साधी गोष्ट निसटते.

हिशेबाची बाजू बायकोने उलगडली. ती एका कार्यालयात हिशेबाचं काम करते, माझी वही ती बघायला मागायची आणि मी टाळायचो. एकदा बघितली तर म्हणाली, "अहो, यात तुमचा पगार कुठे आहे?"

म्हटलं, उरतं तो माझाच की.

"तो नफा. पगार कुठे?"

तिने मला एक साधं काम लावलं. माझ्या जागी दुसरा कारागीर ठेवायचा झाला तर तो काय घेईल, तेवढी रक्कम खर्चात टाका. वरचे जादा तासही धरा. टाकली. त्याआधी दर १०० मधले माल, मुलांचे पगार, भाडं, वीज वजा जाता ३६ उरत होते. माझा पगार टाकल्यावर उरले ४. म्हणजे ज्याला मी नफा म्हणत होतो तो जवळजवळ सगळा माझ्या हातांचा रोजगार होता, आणि दुकान म्हणून जे काही होतं ते शंभरात चार मिळवत होतं. एखाद्या महिन्यात तेही नाही. इतके दिवस भाव ठरवताना मी स्वतःला फुकट धरलं होतं. कामाचे भाव का वाढवावे लागतील हे मला त्या रात्री कळलं. आतापर्यंत ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून सांगायचो.

गल्ल्यातून लागेल तसे पैसे काढायची सवयही तिनेच मोडली. माझं म्हणणं, दुकान माझं, गल्ला माझा, मग विचारायचं कुणाला? त्यावर तिने ताळेबंद पुढे ठेवला आणि विचारलं, मालकाचं भांडवल कुठल्या बाजूला लिहितात? मी म्हटलं, मालमत्तेच्या. ते लिहितात देण्यांच्या बाजूला. धंद्याच्या दृष्टीने मालक हाही एक घेणेकरीच, म्हणजे धंदा त्याचं देणं लागतो. धंदा वेगळा, मी वेगळा. वहीला हे कधीपासून ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

(कायद्याने मात्र एकट्याच्या मालकीचं दुकान आणि मालक वेगळे नसतात, दुकानाचं कर्ज घरापर्यंत येतं. कंपनी केली तर वेगळे होतात. हे पक्कं ठरलं तेही एका कारागिराच्याच खटल्यात. लंडनमधला ॲरन सॉलोमन हा चामड्याचे बूट बनवणारा. १८९२ मध्ये त्याने आपल्या धंद्याची कंपनी केली, २०,००७ पैकी २०,००१ शेअर त्याचे आणि उरलेले सहा बायको-मुलांचे. कंपनी बुडाली. घेणेकरी म्हणाले, कसली कंपनी, हा तर सॉलोमनच. १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. मला ही गोष्ट फार आवडते. बुटाचे टाके घालणाऱ्या माणसामुळे जगभरच्या कंपन्यांचा कायदा उभा राहिला.)

आता मी महिन्याला ठरलेला पगार घेतो. सुरुवातीला पगाराच्या तारखेला स्वतःलाच पैसे देताना हसू यायचं.

निर्णयांचं काय करायचं, हे मात्र कुठल्या वहीत सापडलं नाही. रजिस्टर झालं तरी फोन थांबेना. तार संपली, आणू का? गिऱ्हाईक सवलत मागतंय, देऊ का? बेअरिंग थोडं वाजतंय, बदलू का? मी वैतागायचो, आणि खरं सांगायचं तर आतून सुखावायचोही. माझ्यावाचून अडतं! फोन ज्या दिवशी कमी यायचे त्या दिवशी मीच करायचो. हे व्यसन कुणी व्यसन म्हणून मोजत नाही.

शेवटी एक नियम केला. निर्णय चुकला तर होणारं नुकसान एक किलो तांब्यापेक्षा कमी असेल, तर विचारायचं नाही. करायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि चुकलं तरी बोलणी खायची नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत सव्वादोन किलो तांबं गेलं. मी मोजत होतो, अर्थात. पण त्या तीन महिन्यांत माझे किती तास वाचले तेही मोजले, आणि मग तांब्याचं मोजणं बंद केलं. पुढे मर्यादा तीन किलोवर नेली.

"शिकवशील, लिहून ठेवशील, आणि एक दिवस पोरगा सगळं घेऊन समोरच दुकान टाकेल." हे मला प्रत्येकाने सांगितलं. बरोबर सांगितलं. टाकलं त्याने. ४६ चं ४१ ऐकणाऱ्यानेच. समोर नाही, पण फार लांबही नाही. रजिस्टरच्या पानांचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते हे मला नंतर कळलं. महिनाभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. काही गिऱ्हाइकं गेली त्याच्याबरोबर, परत आली नाहीत.

पण मी वस्तादांकडून निघून स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा काय केलं होतं? तेच. फोटो नव्हते, एवढंच. सगळं डोक्यात घेऊन गेलो. वस्तादांना काय वाटलं असेल हे मी तोपर्यंत एकदाही मनात आणलं नव्हतं. आणि एक फरक माझ्या बाजूने होता. मी सोडलं तेव्हा वस्तादांकडे दोन महिने काम तुंबलं होतं. हा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी नवा मुलगा रजिस्टर उघडून बसला. दोन दिवस चाचपडला, तिसऱ्या दिवशी कॉइल गुंडाळत होता.

कारागिराचा मालक कसा व्हावा, यावर मोबाइलवर हल्ली बोलणारे पुष्कळ दिसतात. पहाटे उठा, मोठी स्वप्नं बघा, मालकासारखा विचार करा. माझ्या मते विचारबिचार नंतर बदलतो, आधी फर्म्यावर नंबर टाकावे लागतात. आणि एकट्याने, स्वतःच्या हाताने, आवडीचं काम करत राहणं यात कमीपणा नाही, हेही सांगून टाकतो. माझा एक मित्र जुनी घड्याळं दुरुस्त करतो, त्याला एकही माणूस ठेवायचा नाही. तो सुखी आहे. त्याला फक्त एवढं माहीत आहे की हात थांबले की उत्पन्न थांबणार, आणि त्याची तजवीज त्याने करून ठेवली आहे. मी ना धड तसा होतो ना धड असा. कारागिराचं सुखही घेत नव्हतो आणि मालकाची झोपही.

आता मी मोटर क्वचितच भरतो. त्याची हुरहुर लागते, नाही असं नाही. एकदा एक जुनं गिऱ्हाईक आलं, माझ्या अंगावरून पुढे गेलं आणि आतल्या मुलाला म्हणालं, "मागच्या वेळी तूच भरली होतीस ना? तूच भर." मी काउंटरमागे उभा. असं व्हावं म्हणून तर चार वर्षं धडपडलो, आणि झालं तेव्हा पोटात खड्डा पडला. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती हसत सुटली.

गेल्या महिन्यात नऊ दिवस बाहेर होतो. दोनदा फोन आला, दोन्ही वेळा विषय वेगळाच. परत आल्यावर रजिस्टर चाळत बसलो. एकवीस नवी पानं. त्यातल्या एका पानावरची मोटर मी जन्मात पाहिलेली नाही. कशी भरली, का तशी भरली, सगळं दुसऱ्याच्या अक्षरात. चार पानं पुढे एक जुनं पान होतं, त्यावर लाल पेनने आडवी रेघ. पिच "१ ते ९" लिहिली होती, ती खोडून "१ ते ८" केली होती. समासात: "जुनी नोंद चूक. कंपनीचं मूळ वाइंडिंग आलं होतं, त्यावरून मोजली. फोटो आहे."

जुनी नोंद माझ्या हातची होती. पहिल्या वर्षातली. मोटर त्या पिचवरही फिरते, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी फोटो उघडला, मोठा केला आणि पेन्सिलीच्या टोकाने स्लॉट मोजले. मग उलट्या बाजूने पुन्हा मोजले. आठच होते.